ध्रुवीय मोहिमेत पाऊस, बर्फ आणि वादळ कसं निभवायचं

ध्रुवीय प्रदेशात माणूस थंडीपेक्षा ओलेपणाने जास्त खचतो, हे नवख्याला पटकन पटत नाही. उणे तीस अंशांची कोरडी, निवांत हवा पोट भरलेल्या आणि नीट कपडे घातलेल्या माणसाला सोसते. पण तीच हवा जोरात वाहायला लागली, किंवा पारा शून्यापाशी येऊन ओला बर्फ पडायला लागला, की काल पुरेसे वाटलेले कपडे आज पुरत नाहीत. म्हणून खालच्या बहुतेक सूचना दोन गोष्टींभोवती फिरतात: कोरडं राहायचं, आणि थांबावंसं वाटायच्या तासभर आधी थांबायचं.

निघण्यापूर्वी: वारा कुठून येणार?

अंटार्क्टिकातलं वादळ दोन जातींचं असतं. पहिली जात म्हणजे कॅटाबॅटिक वारे. मधल्या उंच पठारावरची हवा बर्फाला टेकून गार होते, जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे घसरते. वर आभाळ निरभ्र असतानाही हे वारे सुटतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केप डेनिसनला संशोधक डग्लस मॉसन यांच्या तुकडीने १९१२-१३ मध्ये नोंदी ठेवल्या, तेव्हा वर्षाची सरासरीच ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास निघाली. हे वारे जीवघेणे असले तरी त्यांची दिशा ठरलेली असते. बर्फाच्या पृष्ठभागावर वाऱ्याने कोरलेल्या कडक लाटा, ज्यांना सास्त्रुगी म्हणतात, त्या पाहिल्या की जोराचा वारा नेहमी कुठून येतो ते कळतं.

दुसरी जात समुद्राकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांची. ती ढग, बर्फ आणि उबदार हवा घेऊन येते आणि वाऱ्याची दिशा बदलत राहते. आर्क्टिकमध्ये मुख्य त्रास हिचाच. शिवाय तिथे पायाखाली अनेकदा समुद्राचा गोठलेला थर असतो, जो वादळात फुटतो आणि वाहतही जातो.

एक गैरसमज इथेच काढून टाकावा. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात मुळात बर्फ फार थोडा पडतो. हिमवादळात तोंडावर आदळणारा बराचसा बर्फ वाऱ्याने जमिनीवरून उचललेला असतो. डोक्यावर ऊन आणि कमरेपर्यंत पांढरा लोंढा, असंही दृश्य दिसतं. ‘बर्फ तर पडत नाहीये’ म्हणून पुढे चालत राहणं हे कारण म्हणून फारच कच्चं आहे.

घरी बसून करायची कामं अशी. वाटेच्या नकाशावर त्या महिन्यातल्या जोरदार वाऱ्याची दिशा बाणाने काढून ठेवा. ज्या दऱ्या किंवा हिमनद्यांच्या तोंडाशी वारा आवळून येतो, तिथे मुक्काम नाही असं आधीच लिहून टाका. महिन्याभराच्या मोहिमेत पाच-सहा दिवस तंबूतच जाणार असं धरून अन्न आणि इंधन भरा. वजन वाचवायला हेच दिवस पहिल्यांदा कापले जातात, आणि मग भलत्या हवेत चालायची वेळ येते.

सरावही घरीच. जाड मिटन्स (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून, अंधारात, वारा असताना तंबू उभा करता आला पाहिजे. प्रत्येक झिपेला बोटभर दोरीचा फास लावा. तंबूच्या काठ्यांचे बरेचसे सांधे जोडलेलेच ठेवून चिकटपट्टीने पक्के करा आणि तंबू लांबट गुंडाळून स्लेजवर (बर्फावर ओढायच्या घसरगाडीवर) बांधा, म्हणजे ऐनवेळी एक-दोनच सांधे बसवावे लागतील. मिटन्सना मनगटाशी दोरी हवीच. वाऱ्यावर गेलेला हातमोजा परत मिळत नाही.

आभाळ आणि दाब वाचणं

उपग्रहावरून येणारा हवामानाचा अंदाज रोज घ्या, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. तो विस्तृत प्रदेशाचा असतो. तुमच्या दरीचा नसतो. मनगटी घड्याळातलं उंचीमापक हे खरं तर दाबमापकच आहे. रात्री तंबूत झोपलात आणि सकाळी घड्याळ सांगतं की तुम्ही ४० मीटर वर चढलात, तर दाब साधारण ५ हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं एकक) उतरला आहे. तीन तासांत एवढी घसरण झाली तर सामान आवरायला घ्या.

इतर खुणा: सूर्याभोवती कडं, शिखरांवरून धुरासारखा उडणारा बर्फ, भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत ढग, आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे अचानक वाढलेली ऊब. पारा दहा अंश वर गेला की नवखे खूष होतात आणि जॅकेट उघडतात. अनुभवी माणूस त्या वेळी तंबूची जागा शोधायला लागतो. कमी दाबाचं केंद्र कुठे आहे याचा अदमास घ्यायची जुनी युक्ती आजही चालते: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, दक्षिण गोलार्धात केंद्र तुमच्या उजवीकडे, उत्तर गोलार्धात डावीकडे. मात्र कॅटाबॅटिक वाऱ्याला आणि दरीत वळलेल्या वाऱ्याला हा नियम लागू नाही.

थांबायचं कधी

हा निर्णय वादळात घ्यायचाच नसतो. तो आधी आकड्यांत ठरवून ठेवायचा. अमेरिकेची हवामान सेवा ताशी ५६ किलोमीटरहून जोराचा वारा आणि ४०० मीटरहून कमी दृश्यमानता किमान तीन तास टिकली तर त्याला हिमवादळ म्हणते. तुमची मर्यादा याच्या बरीच अलीकडे हवी. ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात तंबू उभारणं कष्टाचं असतं, पण जमतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० किलोमीटरला तो चौपट होतो, आणि तेव्हा तंबू उभारणं हा जुगार आहे. हातातलं वायुवेगमापक सलग ४० दाखवायला लागलं, किंवा रांगेतल्या पहिल्याला शेवटचा दिसेनासा झाला, की चर्चा न करता थांबायचं. पथकातल्या कुणीही ‘थांबू या’ म्हटलं तर ते पुरेसं मानावं. पुढे जायला मात्र सगळ्यांची संमती हवी.

गारठ्याचा हिशोबही यातच येतो. उणे २० अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ३५ अंशांसारखं. त्यात अर्ध्या तासाच्या आत गाल गोठू शकतो.

जे थांबले नाहीत त्यांच्या नोंदी आहेत. मार्च १९०२ मध्ये अंटार्क्टिकात रॉबर्ट स्कॉट यांच्या डिस्कव्हरी मोहिमेतल्या एका तुकडीने हिमवादळात तंबू सोडून जहाजाकडे चालायचं ठरवलं. निसरड्या उतारावरून घसरून जॉर्ज व्हिन्स समुद्रात गेला. मे १९१६ मध्ये शॅकलटन यांच्या मोहिमेतले एनियस मॅकिंटॉश आणि व्हिक्टर हेवर्ड हट पॉइंटच्या तळावरून केप इव्हान्सच्या तळाकडे समुद्रावरच्या कोवळ्या बर्फावरून निघाले. सोबत्यांनी नको म्हटलं होतं. थोड्याच वेळात हिमवादळ आलं आणि ते दोघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत. दोन्ही वेळी मागे बऱ्यापैकी आसरा होता.

तंबू उभारणं

इथे क्रम चुकला की तंबू जातो, म्हणून ही एवढी यादी पाठच करा.

१. जागा सपाट आणि उघडी निवडा. टेकाडाच्या किंवा बर्फाच्या उंचवट्याच्या आडोशाला जाऊ नका. वारा तिथे कमी लागतो हे खरं, पण उडता बर्फ तिथेच साचतो आणि रात्रीत तंबू पुरला जातो. हिमनदीवर असाल तर लांब सळईने भोवतालचा बर्फ टोचून भेगा नाहीत ना, ते पाहा. तपासलेल्या जागेच्या सीमेवर झेंडे रोवा.

२. तंबू पिशवीतून काढण्यापूर्वी त्याचं वाऱ्याकडचं टोक स्लेजला किंवा खोल रोवलेल्या स्कीला बांधा. हे बांधून झाल्याशिवाय दुसरं काहीही करायचं नाही.

३. बोगद्यासारखा तंबू असेल तर अरुंद टोक वाऱ्याकडे. एकजण कापडावर आडवा पडतो, दुसरा काठ्या बसवतो. वाऱ्याकडचे दोर आधी ताणायचे, मग तंबू उभा करायचा, मग मागची बाजू. चार बाजूंनी उतरत्या पिरॅमिडसारख्या तंबूत काठ्या कापडाला जोडलेल्याच असतात. तो आडवा ठेवून वाऱ्याकडचे पाय रोवतात आणि मग उचलतात.

४. साध्या खुंट्या मऊ बर्फात उपटून येतात. स्की, बर्फाने भरलेल्या पिशव्या, नाहीतर आडव्या काठ्या अर्धा मीटर खोल पुरा आणि त्यांना दोर बांधा. पुरल्यावर बर्फ पायाने दाबा आणि पंधरा-वीस मिनिटं त्यावर ताण देऊ नका. दाबलेले कण एकमेकांना चिकटून कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. घाईत हेच राहून जातं.

५. तंबूच्या बुडाशी असलेल्या कापडी झालरीवर बर्फाचे ठोकळे रचा. भुसभुशीत बर्फ नको. वारा तो उडवून नेतो.

६. यानंतर भिंत. वाऱ्याच्या बाजूला, तंबूच्या निम्म्या उंचीहून थोडी जास्त, तंबूपासून दीड-दोन मीटरवर. फार जवळ बांधली तर भिंतीमागे साचणारा बर्फ थेट छतावर येतो.

हे सगळं व्हायला चौघांना दीड-दोन तास लागू शकतात. म्हणूनच आधी थांबायचं. जुलै १९११ मध्ये अंटार्क्टिकातल्या केप क्रोझियरला स्कॉट यांच्या पुढच्या मोहिमेतले एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड यांचा तंबू वादळाने उचलून नेला. पाठोपाठ दगडी आडोशावरचं कापडी छप्परही फाटलं. ध्रुवीय रात्रीच्या काळोखात ते झोपायच्या पिशव्यांत पडून राहिले. वारा उतरल्यावर तंबू उताराच्या पायथ्याशी धडधाकट सापडला म्हणून ते परतू शकले. अशा नशिबावर योजना आखता येत नाही.

तंबूच्या आत

आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचा बर्फ दाराशी ब्रशने झाडायचा: टोपी, खांदे, गुडघे, बुटांच्या नाड्या. आत नेलेला मूठभर बर्फ म्हणजे तेवढं पाणी, आणि ते पाणी अखेर झोपायच्या पिशवीत जातं. दाराच्या पुढच्या जागेत गुडघाभर खड्डा खणा. गार हवा त्यात उतरते, पाय सोडून बसता येतं आणि स्टोव्हही तिथेच चालवता येतो.

स्टोव्हबद्दल जरा सविस्तर. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, म्हणून पांढरं पेट्रोल किंवा तत्सम द्रव इंधनच न्यावं. ते गोठत नाही, पण बाहेरच्या तापमानाला थंड झालेलं इंधन बोटांवर सांडलं तर कातडी तिथल्या तिथे गोठते. भरताना हातमोजे हवेतच. स्टोव्हखाली लाकडी फळी ठेवा, नाहीतर तो वितळत्या बर्फात कलतो. भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घाला आणि मग बर्फ टाका. कोरडा बर्फ भांड्याला चिकटत नाही, तळ करपतो आणि पाण्याला जळकट वास येतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला लागणारी उष्णता तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते तेवढी असते. इंधनाचा हिशोब चुकतो तो इथेच.

आणि झरोके. वादळात उडता बर्फ ते बुजवतो, आत स्टोव्ह चालू असतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातल्या आपल्या एकट्याच्या तळावर याच विषाने मरणाच्या दारात पोचले होते. एक झरोका वर आणि एक खाली उघडा ठेवा, स्टोव्ह पेटवण्यापूर्वी दोन्ही हाताने चाचपा. डोकं दुखणं, मळमळ, ज्योत पिवळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर स्टोव्ह बंद आणि दार उघडं, बाहेर कितीही वादळ असो.

झोपायची पिशवी आतूनच ओली होत जाते. रात्रभर अंगातून निघणारी वाफ पिशवीच्या बाहेरच्या थरात गोठते आणि रोज थोडी थोडी साठते. केप क्रोझियरच्या त्या पाच आठवड्यांत पिशव्यांचं वजन बर्फ साचून दुपटीच्या घरात गेलं होतं. यावर उपाय म्हणजे पिशवीच्या आत वाफ अडवणारं पातळ अस्तर. त्यात झोपणं चिकट आणि अप्रिय वाटतं, पण दोन आठवड्यांहून लांब मोहिमेत मी ते ऐच्छिक मानणार नाही. पिशवीत तोंड घालून श्वास सोडू नका. ओले मोजे पोटाशी ठेवून वाळवा. बॅटऱ्या आणि फोनही पिशवीतच असू द्या.

बाहेर जाणं आणि खणणं

फावडी तंबूच्या आत. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कुणीतरी बाहेर जाऊन वाऱ्याच्या उलट बाजूचा बर्फ हटवतो. छत आत दबायला लागलं, हवा कोंदट वाटली किंवा वाऱ्याचा आवाज अचानक दबला, तर तंबू पुरला जातोय असं समजा. वारा थांबला म्हणून खूष होऊ नका. कापडाजवळ फावडं न वापरता हाताने बर्फ काढा.

बाहेर जाणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक तंबूत, हा नियम शौचाला जातानाही पाळायचा. जुलै १९११ मध्ये विल्सन यांच्याच मोहिमेतले एडवर्ड ॲटकिन्सन केप इव्हान्सच्या झोपडीतून जवळच्या तापमापकाची नोंद घ्यायला हिमवादळात बाहेर पडले. त्यांना वाट सापडेना. ते काही तास भटकले आणि हात हिमदंशाने सुजवून परतले. ते त्या मोहिमेचे डॉक्टर होते.

पाऊस

ध्रुवाजवळ पाऊस कसला, असं म्हणणाऱ्याने दोन नोंदी पाहाव्यात. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या हिमचादरीच्या माथ्यावर, तीन हजार मीटरहून उंचावर, तिथल्या नोंदींतला पहिला पाऊस पडला. आणि डिसेंबर १९११ मध्ये बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला चार दिवसांच्या उबदार वादळाने अडवलं. पारा शून्याच्या वर गेला, बर्फ पडताक्षणी वितळायचा, तंबू, कपडे, पिशव्या सगळं भिजलं. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर निघालेल्या माणसांना त्या दिवसांत थंडी पडायची वाट पाहावी लागली.

ओल्या हवेसाठी नियम वेगळे. पिसांचं जॅकेट आणि पिसांची पिशवी लगेच जलरोधक थैलीत; पिसं भिजली की ऊब जाते आणि मोहिमेत ती पुन्हा वाळत नाहीत. म्हणून किनाऱ्यालगतच्या मोहिमेत कृत्रिम तंतूंचं एक जॅकेट असावंच. चालताना वेग कमी करा, कारण पावसाच्या कपड्यांत आतून येणारा घाम बाहेरच्या पावसाइतकाच भिजवतो. झोपायचे कपडे कायम कोरडे; ते घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. सकाळी त्या कोरड्या कपड्यांतून निघून कालचे ओलेगार कपडे पुन्हा अंगात घालावे लागतात. मोहिमेतलं हे सगळ्यात नकोसं काम आहे, आणि जो ते टाळतो त्याच्याकडे तिसऱ्या दिवशी कोरडं काहीच उरत नाही.

पावसाने पुरलेल्या खुंट्यांभोवतीचा बर्फ सैल होतो, तेव्हा दोर वरचेवर तपासा. तंबूच्या वरच्या बाजूने पाणी वळवणारा चर खणा. समुद्रावरच्या बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी बर्फाखाली लपतात. काठीने चाचपत चाला.

मग पारा उतरतो. हा तास फार महत्त्वाचा. झिपा, बकल, दोर, बूट जसे असतील तसे गोठतात. ते गोठण्याआधी पाणी झटका, झिपा उघडझाप करत राहा आणि बूट रुंद तोंडाने उघडे ठेवा, नाहीतर सकाळी पाय आत जाणार नाही. जमिनीवर काचेसारखा थर बसतो आणि स्लेज उतारावर आडवी घसरते. तेव्हा बुटांना काटे लावा आणि स्लेजला मागूनही एक दोर धरा.

शरीरावर नजर

जोडीदाराचा चेहरा दर दहा मिनिटांनी पाहा. नाकावर किंवा गालावर मेणासारखा पांढरा ठिपका दिसला तर उघड्या उबदार तळव्याने झाका. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. बोटं खोलवर गोठली असतील आणि पुन्हा गोठायचा धोका असेल, तर ती वितळवू नका. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात. अडखळणं, तोंडातल्या तोंडात बोलणं, उगाच चिडणं ही शरीराचं तापमान उतरत असल्याची चिन्हं आहेत. कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला तर ती सुधारणा समजू नका. त्याला कोरडे कपडे द्या, पिशवीत घाला. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पेय पाजा.

तंबू फाटलाच तर

सगळे कपडे अंगावर, पिशवी हातात, फावडं दुसऱ्या हातात. काठ्या मोडल्या असतील तर तंबू खाली पाडून त्याच्या कापडाखाली राहा. कापडच गेलं तर बर्फात अंगाएवढा चर खणा, वर स्की आणि स्लेज आडवी टाका, फटी बर्फाने बुजवा आणि हवेसाठी भोक ठेवा. १९०२ च्या त्याच दुर्घटनेत वाट चुकलेला क्लॅरन्स हेअर बर्फाखाली पुरला जाऊन झोपला आणि दीडएक दिवसाने चालत परतला. बर्फ वाऱ्यापासून राखतो, हे त्यातून घ्यावं.

वादळ ओसरल्यावर

पहिल्या शांततेवर लगेच निघू नका. दाब चढतोय का ते दोन-तीन तास पाहा. कमी दाबाचं केंद्र डोक्यावरून जाताना वारा थांबतो आणि मग उलट दिशेने सुटतो. सपाट पांढऱ्या प्रकाशात सावल्या नसतात, उंचसखल कळत नाही. अशा वेळी पुढच्याने बर्फाचा गोळा समोर टाकून पाहावा आणि हिमनदीवर सगळ्यांनी दोरीने बांधून चालावं, कारण ताज्या बर्फाने भेगांवर पातळ झाकण घातलेलं असतं. समुद्रावरच्या बर्फावर आधी आपलं स्थान पुन्हा मोजा, तुम्ही झोपेत बरेच किलोमीटर वाहत गेलेले असू शकता. अस्वलांच्या प्रदेशात तंबूभोवतीची इशारा देणारी तार बर्फाखाली गेलेली असते. तुम्ही निघेपर्यंत ती वापरायची असेल तर आधी उकरून पुन्हा लावा. मग इंधन मोजा, उरलेले दिवस मोजा, आणि तळाला संदेश पाठवून तंबू पाडा: वाऱ्याच्या उलट बाजूची टोकं आधी सोडायची, स्लेजला बांधलेलं टोक सगळ्यात शेवटी.